हौशी छायाचित्रण : वार्ता कीं स्वभावोक्ति ?

'हौसेला मोल नाहीं' या आपल्या म्हणीचे दोन अर्थ होऊं शकतात. हौस भागविण्यासाठीं माणूस किती खर्च करील याचा नेम नाहीं, हा एक. आणि हौसेनें केलेल्या वस्तूला बाजारांत किंमत येत नाहीं, हा दुसरा. छायाचित्रणाच्या बाबतींत दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात. हौशी छायाचित्रकार कॅमेरा, भिंगें व प्रवास यांवर सढळ हातानें खर्च करितो. त्याच्या चित्रांना मात्र घरच्या मंडळींपलीकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. हा वर्ग आपल्याकडे नवा नव्हे. मुंबईंत १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं होते. पुढें १८८८ मध्यें अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें शंभर चित्रांची फिल्म आंत भरलेला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरांना विकावयास काढला, १९०० मध्यें एका डॉलरचा 'ब्राउनी' आणला, आणि ही श्रीमंतांची हौस मध्यम वर्गाच्या घरांत शिरली. आज तर टेलिफोनच्याच पोटांत कॅमेरा येऊन बसल्यामुळें छायाचित्र काढीत नाहीं असा मनुष्य शोधून काढावा लागेल.

ज्या कलेची साधनें सर्वांच्या हातीं आलीं, त्या कलेंत चांगलें काय व सामान्य काय हें ठरविण्याची गरज वाढते. परंतु या विषयावरील आपल्याकडचें लेखन पाहिलें तर तें बहुतेक भिंगांच्या व यंत्रांच्या गुणदोषांत रमलेलें दिसतें. वीणा कोणत्या लाकडाची केली आहे याची चर्चा उपयुक्त खरी, पण ती गायनसमीक्षा नव्हे. हौशी छायाचित्रांकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या मतें या प्रश्नाची किल्ली आपल्या जुन्या साहित्यशास्त्रांत सांपडते. संध्याकाळ झाली ही बातमी कोणी जशीच्या तशी सांगितली तर तिला काव्य म्हणावें काय, असा प्रश्न भामहानें 'काव्यालंकारां'त उपस्थित केला आहे, आणि ही केवळ वार्ता होय, असा कौल दिला आहे. दंडीनें मात्र वस्तूच्या यथार्थ वर्णनाला 'स्वभावोक्ति' असें नांव देऊन अलंकारांच्या रांगेंत तिला अग्रस्थान दिलें. दोघांचें म्हणणें परस्परविरुद्ध दिसतें. पण दंडीची व्याख्या बारकाईनें पाहिली तर विरोधाची धार बरीच बोथट होते. पदार्थाचें रूप प्रत्यक्ष प्रकट करणें एवढ्यावर तो थांबत नाहीं. पदार्थाच्या *निरनिराळ्या अवस्थां*तील रूप, असें तो आवर्जून म्हणतो. वस्तूची एक अवस्था कोणताही वाटसरू पाहूं शकतो. तिच्या नाना अवस्था ज्यानें पाहिल्या आहेत, त्यालाच यांतील कोणती अवस्था तिचा स्वभाव बोलून दाखविते हें समजतें. छायाचित्र हें तर जात्याच वार्ता आहे. समोर जें आहे तें यंत्र टिपतें. त्याला उपमा येत नाहीं कीं रूपक येत नाहीं. तेव्हां वार्तेची स्वभावोक्ति कशानें होते, हाच छायाचित्रणांतील मूळ प्रश्न ठरतो. आणि त्याचें आमचें उत्तर असें कीं, ती परिचयानें होते.

या उत्तराला प्रतिकूल असा एक मोठा दाखला आम्ही आधींच पुढें ठेवितों. न्यूझीलंडचा छायाचित्रकार ब्रायन ब्रेक हा १९६० मध्यें हिंदुस्थानांत आला आणि मोसमी पावसावर त्यानें एक चित्रमाला तयार केली. ती १९६१ मध्यें अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली व जगभर गाजली. तिच्यांतील एक चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. एका तरुण मुलीचा वर उचललेला चेहरा, मिटलेले डोळे, आणि गालांवर पावसाचे थेंब. ही मुलगी म्हणजे पुढें अभिनेत्री व दिग्दर्शिका म्हणून प्रसिद्धीस आलेल्या अपर्णा सेन. त्या वेळीं त्या लहानच होत्या. हें चित्र कलकत्त्यास एका गच्चीवर घेतलें गेलें व पाऊस झारीनें पाडण्यांत आला, ही हकीकत त्यांनींच मागाहून सांगितली आहे. हिंदुस्थानच्या वर्षाऋतूचें जगांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र अशा रीतीनें झारीच्या पाण्याचें आहे !

यावरून ब्रेकला ढोंगी ठरविणें अन्यायाचें होईल. तो कसलेला कलावंत होता, त्याच्या मालेंत खऱ्या पावसाचीं चित्रें आहेत, आणि हें चित्रही सुंदर आहे. पण त्याचें सौंदर्य कोणत्या जातीचें आहे हें पाहिलें पाहिजे. तें चेहऱ्याचें, रंगांचें व कल्पनेचें सौंदर्य आहे. दाह शमला, धरित्री तृप्त झाली, ही जी पावसाची कल्पना कवींनीं पिढ्यान् पिढ्या घडविली, तिचें तें मूर्त रूप आहे. आपल्या शास्त्रकारांनीं अशा रूढ कल्पनांना कविसमय म्हटलें आहे. हंसानें दुधांतून पाणी वेगळें काढावें, चकोरानें चांदणें प्यावें, हें जसें काव्यांत पाहण्यावांचून चालतें, तसे छायाचित्रकारांचेही कविसमय आता तयार झाले आहेत. उन्हाळा म्हटला कीं भेगाळलेली जमीन व तिच्यावर बसलेला म्हातारा. पावसाळा म्हटला कीं छत्री. हिंवाळा म्हटला कीं शेकोटी व धुक्यांतून येणारी बैलगाडी. वसंत म्हटला कीं निळ्या आकाशावर पळसाची फांदी. भिंतीवरच्या दिनदर्शिका वर्षानुवर्षें यांवरच चालल्या आहेत. हीं दृश्यें खोटीं नव्हेत. परंतु तीं पाहण्यापूर्वींच ठरलेलीं असतात, आणि जें आधींच ठरलें तें मिळालें नाहीं म्हणजे झारी आणावी लागते. नेमलेल्या मुदतींत काम पुरें करून देणें ज्याला भाग आहे, त्या धंदेवाईक माणसाला दुसरा उपाय तरी कोणता ?

हौशी माणसाला दुसरा उपाय आहे. तो थांबूं शकतो. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ (१८६४–१९४६) हा आपल्या हौशीपणाचा अभिमान बाळगणारा होता; छायाचित्रणांतील उत्तमोत्तम काम पैशासाठीं नव्हे तर आवडीसाठीं तें करणाऱ्यांच्या हातून झालें आहे, असें त्यानें १८९९ मधील एका लेखांत आग्रहानें प्रतिपादिलें. २२ फेब्रुवारी १८९३ रोजीं न्यूयॉर्कमध्यें बर्फाचें मोठें वादळ झालें. स्टिग्लिट्झ हातांत धरावयाचा एक लहान कॅमेरा घेऊन पांचव्या रस्त्यावर तीन तास उभा राहिला, आणि बर्फ तुडवीत येणारी घोड्यांची गाडी योग्य जागीं आल्यावर त्यानें चित्र घेतलें. पुढें मूळ चित्राचा बराच भाग छाटून त्यानें त्याला आजचें रूप दिलें. 'विंटर, फिफ्थ ॲव्हेन्यू' या नांवानें तें ओळखलें जातें. त्यांत हिंवाळ्याचें कोणतेंही गोड चिन्ह नाहीं. चाकांनीं चिखल झालेलें बर्फ आहे, धूसर झालेल्या इमारती आहेत, आणि वाऱ्यापुढें वांकलेला गाडीवान आहे. बर्फ म्हणजे शुभ्रता हा कविसमय. शहरांतील बर्फ चाकाखालीं काळवंडतें हा स्वभाव. हा स्वभाव टिपण्यास त्याला दूरदेशीं जावें लागलें नाहीं. तो आपल्याच शहराच्या रस्त्यावर उभा होता.

यावर कोणी म्हणेल कीं स्टिग्लिट्झला शहर तरी न्यूयॉर्क लाभलें होतें. आमच्या गल्लींत काय आहे? या शंकेचें उत्तर त्यानेंच पुढें देऊन ठेविलें. त्याच्या व्यक्तिचित्रांचें सामर्थ्य समोरच्या माणसावर पडणाऱ्या त्याच्या छापेंत आहे, अशी टीका झाली, तेव्हां १९२२ पासून त्यानें लेक जॉर्ज येथील आपल्या कुटुंबाच्या उन्हाळी घराच्या परिसरांतून केवळ ढगांचीं चित्रें घेण्यास आरंभ केला. ढगांवर कोणाची छाप पडत नाहीं, आणि ते पाहावयास कर द्यावा लागत नाहीं. वर्षानुवर्षें तेंच आकाश पाहून त्यानें जीं लहान लहान चित्रें केलीं, त्यांना पुढें 'इक्विव्हॅलंट्स' असें नांव मिळालें. मनाच्या अवस्थांना तुल्य अशा आकाशाच्या अवस्था, असा त्याचा भाव. दंडीची नाना अवस्थांची अट याहून अधिक कसोशीनें कोणी पाळली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आता आपल्या ऋतूंकडे वळूं. छायाचित्रणाचे जे नियम आपण पुस्तकांतून पाठ करितों, त्यांतील पुष्कळसे इंग्लंड-अमेरिकेच्या उजेडावर बेतलेले आहेत. लंडन येथें भर उन्हाळ्यांतही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारें ६२ अंशांहून वर चढत नाहीं. पुण्यास मे महिन्याच्या मध्यास तो थेट डोक्यावर येतो, आणि दुपारीं कांहीं क्षण उभ्या काठीची सावली नाहींशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हां तसाच दिवस येतो, पण तेव्हां तो ढगांआड जातो म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. उलट डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत पुण्याचा मध्यान्हसूर्य ४८ अंशांवरच राहतो, आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सुमारें नऊ-दशांश पडते. त्याच दिवशीं लंडनमध्यें ती उंचीच्या जवळजवळ पावणेचार पट असते. म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला हिंवाळ्याचा तिरपा, लांबट उजेड आपल्याकडे दुपारीं मिळत नाहीं. तो सकाळ-संध्याकाळच्या घटकाभरांतच शोधावा लागतो.

मे महिन्यांतील दुपारीं चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, म्हणून त्या वेळीं कॅमेरा बंद ठेवावा, असा सामान्य उपदेश आहे. व्यक्तिचित्रापुरता तो खरा. परंतु सावली पायाखालीं गोळा झाली आहे, रस्ता ओस पडला आहे, ओसरीच्या कडेपर्यंत ऊन व तिच्या आंत गडद काळोख आहे, हाच तर ग्रीष्माचा स्वभाव. कालिदासानें 'ऋतुसंहारा'चा आरंभ ग्रीष्मापासून केला, हें या संदर्भांत ध्यानांत घेण्यासारखें आहे. आमचे हौशी बांधव त्या दिवसांत कॅमेरा घेऊन थंड हवेच्या ठिकाणीं जातात, आणि मग त्यांच्या संग्रहांत ग्रीष्म म्हणून महाबळेश्वरचें धुकें सांपडतें !

पावसाची गोष्ट याहून अवघड. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानें खालीं येतो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडें राहिलें तर तेवढ्या वेळांत तो चौदा-पंधरा सेंटिमीटर सरकतो व चित्रांत त्याची रेघ उमटते. हजारावा भाग उघडें राहिलें तर रेघ जाऊन ठिपका राहतो. रेघ खरी कीं ठिपका खरा ? शास्त्रदृष्ट्या दोन्ही खरीं. पण मुसळधार कोसळणारी आषाढसर आणि उन्हांतून उतरणारी श्रावणसर यांना एकच माप लावणारा छायाचित्रकार पाऊस पाहत नाहीं, फक्त मोजतो. शिवाय पाऊस दिसतो तो मागून उजेड व पलीकडे काळोख असला तरच. पांढऱ्या आभाळापुढें तो अदृश्य होतो. म्हणून घरच्या खिडकींतून समोरच्या जुन्या वाड्याची काळी भिंत ज्याला दिसते, तो दूरच्या धबधब्यापाशीं गर्दी करणाऱ्या प्रवाशापेक्षां अधिक भाग्यवान. कोंकणांतील दमट हवेनें भिंगांना बुरशी येते, ही तक्रार खरी आहे; पण त्या भयानें चार महिने कॅमेरा कपाटांत कोंडणें म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा टाकून देणें होय. पहिल्या पावसांनीं हवेंतील धूळ बसते आणि कालपर्यंत पुसट असलेले सह्याद्रीचे कडे हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात. हा पालट रोज पाहणाऱ्यालाच कळतो. ज्याला 'काल' ठाऊक नाहीं, त्याला 'आज'ची नवलाई कोठून दिसणार?

प्रवासी छायाचित्रकाराची अडचण नेमकी ही आहे. त्याला 'काल' नसतो. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचा प्रवास शाळा-कचेऱ्यांच्या सुट्यांना बांधलेला. म्हणजे दिवाळी आणि मे. परिणामीं आमच्या घरोघरच्या संग्रहांत राजस्थान नेहमीं कार्तिकांतला व हिमालय नेहमीं वैशाखांतला असतो. स्थळें बदलतात, ऋतु मात्र दोनच. शिवाय प्रवासी आपल्याबरोबर घरची नजर नेतो, आणि ती जर तयार झालेली नसेल तर तिच्या जागीं ऐकीव नमुने येऊन बसतात. सॅम्युएल बॉर्न याचें उदाहरण बोधप्रद आहे. नॉटिंगहॅम येथील बँकेंत कारकुनी करीत तो हौसेनें छायाचित्रण शिकला, १८६३ मध्यें हिंदुस्थानांत येऊन धंद्यांत पडला, आणि १८७० पर्यंतच्या मुक्कामांत त्यानें हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या. हमालांच्या पाठीवर कांचा, रसायनें व तंबू लादून त्यानें १८६६ मध्यें मणिरंग खिंडीपर्यंत मजल मारली. त्याचें धैर्य व हस्तकौशल्य वादातीत आहे. तरीही हिमालयाचें दृश्य भव्य असलें तरी चित्रास फारसें अनुकूल नाहीं, अशी हळहळ त्यानें आपल्या लेखांत व्यक्त केली. चित्रास अनुकूल दृश्य म्हणजे काय, हें तो इंग्लंडांतून ठरवून आला होता. काश्मीरचीं तळीं व पॉप्लरच्या रांगा पाहून त्याचें समाधान झालें, यांत नवल नाहीं.

म्हणून प्रवासांत कॅमेरा नेऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. घरीं ज्याची दृष्टि ऋतुमानानें तयार झाली आहे, त्याला परमुलुखांतही प्रश्न विचारतां येतात. येथें दुपारची सावली किती लांब पडते ? भिंतींचा रंग कोणत्या प्रहरीं उजळतो ? लोक उन्हाच्या बाजूनें चालतात कीं सावलीच्या ? असे प्रश्न घेऊन गेलेला मनुष्य ताजमहालापुढेंही केवळ ठराविक जागीं उभा राहणार नाहीं. तसेंच, ताजमहालापुढें कुटुंबास ओळीनें उभें करून काढलेल्या फोटोची थट्टा करण्याची जी फॅशन आहे, तीही आम्हांस मान्य नाहीं. तो फोटो कला नसेल, पण प्रामाणिक वार्ता आहे, आणि चाळीस वर्षांनीं त्या ओळींतील अर्धी माणसें नाहींशीं झालीं म्हणजे तिचें मोल कोणत्याही कलाकृतीला हार जाणार नाहीं.

घरगुती छायाचित्रणाचें हें मोल कोठवर जाऊं शकतें, याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत आहे. चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे वडील सरदार उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) हे संस्कृत व फारसीचे व्यासंगी गृहस्थ. पन्नासांहून अधिक वर्षें त्यांनीं घरचींच चित्रें घेतलीं : स्वतःचीं, हंगेरियन पत्नीचीं, अमृता व इंदिरा या दोन मुलींचीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांतील हंगेरी, नंतर सिमला, १९२९ पासून पॅरिस, मग पुन्हां सिमला, असा या कुटुंबाचा प्रवास झाला. पण चित्रांचा विषय बदलला नाहीं. म्हणूनच घर व प्रवास हा आमचा भेद त्यांच्यापाशीं मावळतो; ते जेथें गेले तेथें घर घेऊन गेले. तीच मुलगी बालपणीं, तारुण्यांत, पॅरिसच्या पोशाखांत, साडींत दिसते; तोच गृहस्थ दर खेपेस थोडा अधिक वृद्ध होऊन स्वतःच्याच कॅमेऱ्यापुढें बसलेला असतो. येथें ऋतु आयुष्याचे आहेत. १९४१ मध्यें अमृता अठ्ठाविसाव्या वर्षीं लाहोरांत वारल्या, हें ठाऊक असलेल्या वाचकाला त्या चित्रांकडे निर्विकार मनानें पाहतां येत नाहीं. वडिलांनीं प्रत्येक चित्र घेतलें तेव्हां तें त्या दिवसाची वार्ता एवढेंच होतें. अर्धशतकाच्या नित्यतेनें त्यांची स्वभावोक्ति झाली. नातू विवान सुंदरम् यांनीं २००१-०२ मध्यें याच चित्रांतून 'री-टेक ऑफ अमृता' ही नवी चित्रमाला रचली, ती या संग्रहांत तेवढा जीव होता म्हणूनच.

फ्रान्समधील झाक्-आंरी लार्तिग (१८९४–१९८६) याचीही हीच कहाणी. लहानपणींच वडिलांनीं दिलेल्या कॅमेऱ्यानें तो भावंडांच्या उड्या, विमानें, मोटारी व फिरावयास निघालेल्या स्त्रिया टिपीत गेला आणि त्या चित्रांच्या वह्या लावीत गेला. तो स्वतःला चित्रकार समजे. १९६३ मध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें त्याचें प्रदर्शन भरविलें तेव्हां त्याला सत्तरी जवळ आली होती. येथें आमच्या सिद्धांताला थोडी मुरड घालणें प्राप्त आहे. लार्तिगच्या बालपणींच्या चित्रांत दीर्घ प्रतीक्षा नाहीं, उत्साहाचा झपाटा आहे. परंतु भाऊ, दाई, घरचा जिना यांच्याशीं त्याचा परिचय इतका पूर्ण होता कीं उडीचा कोणता क्षण त्या माणसाचा खरा, हें त्याला शोधावें लागलें नाहीं. परिचय हा वर्षांनींच मोजावयाचा असतो असें नाहीं. जिव्हाळ्यानेंही तो साधतो.

आता शेवटचा मुद्दा. आज चित्रें इतकीं निघतात कीं तीं पुन्हां पाहण्यास कोणाला सवड नाहीं. पूर्वी फिल्मवर छत्तीस चित्रें मावत, आणि छत्तिसांतून चार निवडून वहींत चिकटवावीं लागत. त्या निवडींतच समीक्षेचा आरंभ होई. आता निवड संपली, वही संपली, आणि हजारों वार्ता एकमेकींच्या अंगावर पडून मुक्या झाल्या आहेत. यंत्राला दोष देऊन हें सुधारणार नाहीं. आमची सूचना साधी आहे, आणि तिला खर्चही नाहीं. प्रत्येक घरानें आपल्या दारांतील एक जागा निवडावी : अंगणांतलें झाड, गॅलरी, समोरचा रस्ता, किंवा आजी बसते ती खिडकी. वर्षाच्या सहा ऋतूंत त्याच जागेचीं चित्रें घ्यावीं आणि वर्षाअखेर सहाच ठेवावीं. दहा वर्षांनीं साठ चित्रांची जी वही होईल, तींत कदाचित् झाड तोडलेलें असेल, रस्ता रुंद झालेला असेल, खिडकी रिकामी असेल. पण त्या जागेचा स्वभाव तींत बोललेला असेल. आणि तसें बोलणें कोणत्याही पाहुण्या कलावंताला, मग तो कितीही निपुण असो, झारीनें पाडतां येणार नाहीं.